बाहेरची लाकडाची भट्टी: लाकूड सारणं, दार उघडणं आणि बाकीचं

उत्तरवारा (धागाकर्ता)

थंडी तोंडावर आली. न्यू यॉर्कचा उत्तर भाग, व्हरमाँट, मेन, मिशिगन, विस्कॉन्सिन इकडे गावाबाहेर घर घेतलेल्या बऱ्याच मंडळींच्या आवारात बाहेरची लाकडाची भट्टी असते. दर हिवाळ्यात तेच प्रश्न दहा धाग्यांवर विखुरतात, म्हणून हा एकच धागा. जाणकारांनी भर घालावी.

ज्यांनी ही भट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी: आपला तांब्याचा बंब माणसापेक्षा उंच केला आणि पत्र्याच्या टपरीत बसवला की झाली. मधे जाळाची पेटी, तिच्याभोवती दीडशे ते चारशे गॅलन पाणी. तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून घरात जातं, उष्णता सोडतं आणि परत येतं. बहुतेक भट्ट्यांत पाणी दाबाखाली नसतं, टाकी वरच्या वाफनळीतून हवेला उघडी असते. ती नळी किंवा तिचं झाकण कधीही घट्ट बंद करायचं नाही. कडाक्यात तिच्या तोंडाशी बर्फ धरतो, येता-जाता तिकडे नजर टाकावी.

आता मुख्य धोका. पाणी १८५ अंश फॅरेनहाइटला (८५ सेल्सिअस) पोचलं की जाळाला हवा देणारा पंखा थांबतो आणि हवेची झडप मिटते. १७५ला उतरलं की पुन्हा सुरू. मधल्या काळात लाकूड विझत नाही, धुमसत राहतं. धग असते पण हवा नसते, त्यामुळे लाकडातून सुटणारे कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन आणि डांबरी वाफा न जळता पेटीत साचतात. तळाशी लाल निखारे आहेतच. कमी आहे ती हवा, आणि दार उघडलं की ती आपण पुरवतो. भडका दाराच्या मापाचा येतो आणि दारासमोर आपलं तोंड असतं.

म्हणून आधी आकडा बघा. १८०च्या वर असेल आणि पंखा नुकताच थांबला असेल तर परत फिरा, चहा घेऊन या. पाणी १७५च्या खाली आलंय, पंखा काही मिनिटं चाललाय, धुराड्यातून पातळ धूर निघतोय, ही लाकूड घालायची वेळ. पंख्याचा स्विच बंद करा. बायपास झडप (धूर थेट धुराड्यात सोडणारी) असेल तर ती पूर्ण उघडून अर्धा-एक मिनिट थांबा, म्हणजे साचलेला वायू धुराड्यातून निघून जाईल. मग बाजूला असे उभे राहा की उघडणारं दार तुमच्या आणि जाळाच्या मधे येईल. कडी सोडा, दार इंचभरच किलकिलं करा आणि दहा-पंधरा सेकंद तसंच धरा. आत ‘भफ्’ झालंच तर ते फटीतून होऊ दे. ज्वाळा आतल्या बाजूला झुकलेल्या दिसल्या की मगच दार पूर्ण उघडा. ज्वाळा बाहेर येत असतील तर धुराडं ओढत नाहीये. दार लावा आणि आधी धुराडं तपासा.

निखारे लांब सळईने सारखे करा. लाकडं पेटीच्या लांबीत, एकमेकांना समांतर ठेवा, बारीक खाली, जाड वर. फेकू नका. ओंडका मागच्या पत्र्यावर आपटला की जोडावर ताण येतो, शिवाय ठिणग्या तुमच्याकडेच उडतात. पेटीच्या लांबीपेक्षा चार-सहा इंच आखूड तुकडे हवेत. दाराला टेकलेला ओंडका दाराची दोरी (दार हवाबंद करणारी, कडेने बसवलेली) जाळतो आणि पुढच्या वेळी दार उघडताच पायावर घरंगळतो.

दार लावलं, बायपास मिटली, पंखा चालू, हा क्रम चुकवू नका. बायपास उघडी राहिली तर अर्धी उष्णता धुराड्यातून आकाशात जाते आणि धुराडं लालबुंद होतं. पंखा पुन्हा फिरतोय हे कानाने ऐकूनच निघा.

पोटमाळा

माहिती छान, पण एक शंका. पेटी एवढी मोठी दिली आहे ती भरण्यासाठीच ना? रात्री उणे वीसमध्ये पुन्हा कोण बाहेर जाणार? गच्च भरली की चोवीस तास निवांत.

उत्तरवारा

पोटमाळा, अपघात आणि धूर दोन्हीचं मूळ याच हिशोबात आहे. पेटीचं माप जानेवारीतल्या सगळ्यात वाईट रात्रीसाठी असतं, ऑक्टोबरसाठी नाही.

हिशोब असा. २० टक्के ओलाव्याच्या लाकडातून पौंडाला ढोबळमानाने साडेसहा हजार बीटीयू (उष्णतेचं माप) मिळतात. चांगल्या भट्टीत त्यातले सुमारे चार हजार घरात पोचतात, जुन्या साध्या भट्टीत निम्म्याहूनही कमी. घराला तासाला ४०,००० बीटीयू लागत असतील तर चांगल्या भट्टीत तासाला १० पौंड लाकूड, बारा तासांना १२०. तेच घर ऑक्टोबरमध्ये तासाला १०,००० मागतं, म्हणजे बारा तासांना ३० पौंड. तिथे तुम्ही २०० पौंड कोंबलं तर जळतं थोडंच, बाकीचं दिवसभर हवेविना धुमसतं. पेटी वायूने भरलेली, धुराड्यात डांबर, शेजारी तणतणतोय. मग तुम्ही दार उघडता.

न्हाणीघरातला वजनकाटा एकदा बाहेर न्या, एक कवळ लाकूड तोला, पुढे कवळींवर मोजा. एका वेळी बारा तासांपुरतंच घालायचं, तेही त्या दिवसाच्या थंडीपुरतं. वेळ आली तेव्हा पेटीत फक्त निखारे उरलेत, असा बेत जमला की अर्धी सुरक्षितता तिथेच मिळाली.

मेनकर

+१. लाकडाबद्दल थोडं.

ओकला फोडून, वाऱ्यावर रचून दोन उन्हाळे लागतात, जाड तुकड्यांना तिसराही. ॲश एका वर्षात होतं. मेपल आणि बर्चला ओक आणि ॲश यांच्या मधला वेळ लागतो. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळलेली रास वाळत नाही, कुजते. न फोडलेला ओंडका कितीही वर्षं ठेवला तरी सालीआड ओलाच राहतो.

ओलावामापक वीस-पंचवीस डॉलरला मिळतो. टोकाला खुपसून आकडा बघणारे बरेच आहेत, तो खोटा, कारण टोकं आधी वाळतात. तुकडा मधोमध फोडा आणि ताज्या पृष्ठावर, रेषांच्या दिशेने खिळे टेकवा. लाकूड गोठलेलं असेल तर आधी एक दिवस घरात ठेवा. १५ ते २५ टक्के चालतं. ३०च्या वर असेल तर लाकडातलं पाणी उकळण्यातच जाळ खर्च होतो, धूर थंड पडतो आणि डांबराचा थर धरतो.

फार वाळलेलं लाकूडही वायूभट्टीत (धूर वेगळ्या कोठीत जाळणाऱ्या भट्टीत) त्रास देतं, हे कमी जणांना माहीत असतं. फर्निचरच्या कारखान्यातले आठ-दहा टक्के ओलाव्याचे तुकडे पेटीभर टाकले की वायू इतक्या वेगाने सुटतो की हवा पुरत नाही, आणि भट्टी भक-भक करत झटके खाते. असले तुकडे साध्या लाकडात मूठभर मिसळावेत.

काय घालू नये: रंगवलेलं, प्रक्रिया केलेलं लाकूड, प्लायवुड, प्लास्टिक, टायर, घरचा कचरा. २००३ अखेरपर्यंत इथे घरांच्या डेकसाठी (बाहेरच्या लाकडी ओट्यासाठी) आर्सेनिकवालं लाकूड सर्रास विकलं जात होतं. जुना डेक मोडला की त्याच्या फळ्या फुकट मिळतात. त्या घेऊ नका. आर्सेनिक धुरातही जातं आणि राखेतही उरतं. समुद्रावर वाहून आलेलं लाकूडही नको, त्यातल्या मिठाचं आम्ल होऊन पोलाद खातं. आणि पेटवण्यासाठी पेट्रोल, रॉकेल, डिझेल कधीच नाही. बारीक ढलप्या आणि कागद पुरतो.

अवांतर: एमरल्ड ॲश बोरर हा भुंगा २००२मध्ये मिशिगनमध्ये सापडला, तेव्हापासून मेलेलं ॲश सगळीकडे उभं आहे. जळायला उत्तम, पण तोडायला धोक्याचं. फांद्या काडीसारख्या मोडून डोक्यावर येतात. आणि लाकूड लांबून आणू नका. न्यू यॉर्कमध्ये उष्णताप्रक्रिया न केलेलं सरपण ५० मैलांपलीकडे नेता येत नाही.

काकडआरती

लाकूड सारताना अंगावर काय असावं हे कुणीच लिहिलं नाही! फुगीर जॅकेट, फ्लीस, नायलॉनची ट्रॅकपँट हे सगळं प्लास्टिक आहे. ठिणगी पडली तर ते नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. दाराजवळ खुंटीला एक जाड सुती किंवा लोकरीचा कोट टांगून ठेवा, कोपरापर्यंतचे चामड्याचे हातमोजे आणि चष्मा. मफलरची टोकं आत खोचा, ओढणी घरात ठेवून या, केस बांधा. घाईत ‘दोनच लाकडं टाकून येते’ म्हणून घरच्या कपड्यांत जाणं सगळ्यात वाईट.

राखेबद्दल: पत्र्याची बादली, घट्ट पत्र्याचं झाकण, आणि ती घरापासून किमान दहा फूट लांब, मातीवर किंवा काँक्रीटवर. लाकडी डेकवर, गॅरेजमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यात नाही. वरून राख गार लागते, आत निखारा चार-चार दिवस जिवंत राहतो. बंद जागेत त्याच निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइडही येतो.

आणि दाराला कुलूप लावा हो. लाल दिवा, गरम पत्रा, आतला गुरगुराट, मुलांना याचं भारी आकर्षण असतं.

नवंघर

घरासोबत एक जुनी भट्टी आली आहे, सहा वर्षं बंद होती म्हणे. पेटवण्याआधी काय काय तपासावं? आणि वायूभट्टी म्हणजे नक्की काय वेगळं?

नळजोड

नवंघर, सहा वर्षं बंद म्हणजे आधी पाणी. काचेच्या नळीत पातळी बघा. थोडं पाणी बाटलीत काढा. तांबडं आणि गढूळ निघालं तर आत गंज आहे, सगळं काढून धुवा. भरताना गंजरोधक रसायन घालावंच लागतं, बहुधा नायट्राइटचं. दरवर्षी नमुना तपासून घ्या. बिनरसायनाचं पाणी आणि वरून उघडी टाकी म्हणजे पोलादाला भोक पडणार, फक्त कधी ते बघायचं. भट्ट्या मरतात त्या बहुतेक अशाच.

तापलेल्या भट्टीत पाणी कमी दिसलं तर गार पाणी ओतू नका. लाल पत्र्यावर पाणी पडलं की क्षणात वाफ होते आणि जोड तडकतात. जाळ विझू द्या, पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. आणि पाणी वारंवार घालावं लागत असेल तर एक तर गळतंय, नाहीतर उकळून उडतंय. दोन्ही दुरुस्त करायच्या गोष्टी आहेत.

परतीच्या नळावर तापमापक लावा. परत येणारं पाणी १४०च्या (६० सेल्सिअस) खाली राहिलं तर पेटीच्या भिंतीवर धुरातली वाफ निथळते, आम्लाचं पाणी होतं आणि पोलाद आतून जातं. औष्णिक झडप बसवून गरम पाण्याचा थोडा भाग परतीत मिसळायचा, हा त्यावरचा उपाय.

पंप भट्टीपाशी, टाकीच्या खालच्या बाजूला हवा आणि चोवीस तास चालू. घरात वरच्या मजल्यावर लावलेला पंप बिनदाबाचं, उकळीच्या जवळचं पाणी ओढू शकत नाही, आत वाफेचे बुडबुडे होऊन खडखडतो.

उष्णता किती पोचते ते काढणं सोपं: मिनिटाला गॅलन × जाताना-येताना फॅरेनहाइटमधला फरक × ५००. आठ गॅलन आणि २० अंशांचा फरक म्हणजे तासाला ८०,००० बीटीयू. जमिनीखालच्या शंभर फुटांत एक-दोन अंशांपेक्षा जास्त पडत असेल तर नळाच्या वेष्टनात पाणी शिरलंय. मोजायचीही गरज नाही. बर्फ पडल्यावर अंगणात भट्टीपासून घरापर्यंत गवताचा पट्टा उघडा दिसला की समजा, तुम्ही जमीन तापवताय.

न्हाणीचं पाणी याच भट्टीवर तापत असेल तर मिश्रण झडप १२० अंशांना लावलेली आहे ना, ते आज संध्याकाळीच बघा. १८० अंशांचं पाणी नळाला आलं तर लहान मुलाची कातडी निघते.

उत्तरवारा

वायूभट्टीचं मी सांगतो. साध्या भट्टीत लाकूड आणि त्याचा धूर एकाच पेटीत जळतात, म्हणजे धूर बराचसा जळतच नाही. वायूभट्टीत पेटीच्या तळाला झरोका असतो. पंखा वायूला त्यातून खाली, विटांच्या दुसऱ्या कोठीत ढकलतो, आणि तिथे तो वेगळी हवा मिळून साधारण २,००० फॅरेनहाइटला (१,१०० सेल्सिअस) जळतो. धुराड्यातून जवळजवळ काहीच दिसत नाही.

तिला लाकूड सारायची रीत थोडी वेगळी. झरोक्यावर चार-सहा इंच निखाऱ्यांचा थर कायम हवा, राख काढताना तो उपसून टाकू नका. राखेने झरोका बुजला की वायू खाली जात नाही. जाड वेडेवाकडे ओंडके एकमेकांत अडकून वर लोंबकळतात, खाली पोकळी होते आणि जाळ मरतो. मग मालक म्हणतो ‘भट्टी पेटत नाही’ आणि दार उघडून डोकावतो, तेव्हाच ती पोकळी कोसळते. आठ-दहा इंचांपेक्षा जाड असेल ते फोडाच. वायूभट्टीत बायपास न उघडता दार उघडणं म्हणजे भडक्याला आमंत्रण.

गारठा

वीज गेली तर? इथे बर्फाळ पाऊस झाला की तारा तुटतात आणि दोन-दोन दिवस अंधार.

नळजोड

वीज गेली की पंखा थांबतो आणि झडप वजनाने किंवा स्प्रिंगने आपोआप मिटते. मिटते ना, ते शरद ऋतूतच स्विच बंद करून बघा. झडपेच्या कडेला डांबर चिकटलं असेल तर फट राहते, जाळ चालू राहतो, आणि पंप बंद असल्याने पाणी उकळतं. अशा वेळी दार उघडायचं नाही, लाकूड घालायचं नाही, आणि पेटीत पाणी तर मुळीच मारायचं नाही. वाफेने माणूस भाजतो आणि पत्राही फाटतो. हवेच्या फटी बंद करा. वीज असूनही पाण्याचं तापमान वर चढत असेल तर घरातले सगळे थर्मोस्टॅट वाढवा, गरम पाण्याचे नळ सोडा, उष्णता बाहेर काढा.

पंपापुरती सोय स्वस्त आहे. पंप साधारण ८५ वॉटचा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची, म्हणजे ६०० वॉट-तास. इन्व्हर्टरची तूट धरून सहा-एक तास निघतात. इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचा घ्या, पंप गुरगुरणार नाही. त्यापुढे जनरेटर, आणि तो घराबाहेर, खिडक्या-दारांपासून वीस फूट लांब. वादळाचा अंदाज असेल त्या रात्री पेटीत कमी लाकूड घाला.

मेनकर

धुराडं राहिलं. आतला थर ३ मिलिमीटर झाला की ब्रश फिरवा. टोकाला ठिणगीजाळी असेल तर ती सगळ्यात आधी बुजते, आणि धूर दारातून बाहेर येऊ लागतो. ‘घरघर’ असा विमानासारखा आवाज आणि टोकाला ज्वाळा दिसल्या तर धुराड्यात आग लागली आहे. पंखा बंद, झडपा बंद, सगळ्यांना लांब करा आणि ९११.

काकडआरती

शेजाऱ्यांचा विषय काढते, कारण भांडणं लाकडापेक्षा धुरावरूनच होतात. थंड, वारा पडलेल्या सकाळी धूर वर जातच नाही, खाली बसून शेजारच्या खिडकीत शिरतो. न्यू यॉर्कच्या २०११च्या नियमांनुसार घरगुती वापराची नवीन भट्टी शेजारच्या हद्दीपासून १०० फूट लांब हवी, आणि धुराडं जमिनीपासून किमान १८ फूट. देशभरासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे (ईपीए) २०१५चे नियम आहेत, त्यांचा कडक टप्पा १५ मे २०२०पासून लागू झाला. त्यात न बसणारी नवी भट्टी आता विकता येत नाही. जुनी विकत घेऊन हलवायचा बेत असेल तर आधी गावच्या कचेरीत विचारा, काही गावांत मनाईच आहे. आणि विमावाल्यांना न सांगता पेटवू नका, नवंघर.

नवंघर

सगळ्यांचे आभार. दाराची दोरी जुनी वाटतेय, ती बदलायची हे कसं ठरवायचं?

उत्तरवारा

भट्टी गार असताना दारात एक डॉलरची नोट अडकवून कडी लावा आणि ओढा. घट्ट बसली तर ठीक, सहज सरकली तर तिथे हवा शिरते. दाराच्या चारी बाजूंना आठ-दहा जागी बघा. एकाच बाजूला सैल असेल तर आधी बिजागरीचे बोल्ट आणि कडीचा पेच आवळून बघा. सगळीकडे सैल असेल तर दोरी बदला. जुनी खरवडून काढा, खाच तारेच्या ब्रशने साफ करा, उष्णतारोधक गोंद घाला आणि त्याच जाडीची नवी दोरी न ताणता बसवा. ताणून बसवली की ती बारीक होते आणि पहिल्याच आठवड्यात पुन्हा फट पडते. सांधा बिजागरीच्या बाजूला ठेवा. गोंद वाळेपर्यंत, साधारण एक दिवस, पेटवू नका.

गारठा

मार्चनंतर बंद करताना राख आतच राहू दिली तर चालतं का? गंज धरू नये म्हणून कुणीतरी तसं सुचवलं.

नळजोड

उलट सांगितलंय. राख हवेतला ओलावा ओढते, त्याचा क्षार होतो आणि उन्हाळाभर तळाचा पत्रा खात बसतो. पूर्ण गार झाल्यावर राख काढा, भिंतीवरचं डांबर खरवडा, आत तेलाचा हलका हात फिरवा, धुराड्यावर टोपी घाला. पाणी मात्र काढू नका. टाकी भरलेली आणि रसायन योग्य प्रमाणात, तरच ती गंजत नाही. टोपी घातल्याची चिठ्ठी दारावर चिकटवा, ऑक्टोबरमध्ये ती आधी काढायची आहे.